सही तिचीच

गुडघ्याच्या जरा वर मांडीच्या हाडाचं खालचं टोक असतं. वाढत्या वयात पायाची लांबी मुख्यतः इथून वाढते, आणि ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर सर्वांत जास्त इथेच धरतो. तोही दहा ते पंचवीस या वयात. म्हणजे पोरगी सायकलवरून स्कुटीवर येते, शाळा सुटून कॉलेज लागतं, घरात लग्नाचे विषय निघू लागतात, त्या दिवसांत.

संपादकांनी यंदा ‘सोबत’ या विषयावर लिहायला सांगितलं. मला मोठ्या आजारातली सोबत पाहायची होती, आणि ओळखीच्या एका शिक्षकानं किनवट तालुक्यातल्या इस्लापूरचं एक घर सुचवलं. तिथल्या लेकीचं दोन वर्षांपूर्वी मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात ऑपरेशन झालं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मांडीच्या हाडाचा खालचा भाग गुडघ्यासकट काढून तिथे धातूचा सांधा बसवला. घरानं बोलायला होकार दिला, नाव लिहायचं नाही या अटीवर. अट मुलीनं घातली होती.

इस्लापूर ते परळ

इस्लापूर नांदेडपासून शंभरेक किलोमीटर. सहस्रकुंडाचा धबधबा जवळच, पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा, आणि रेल्वेनं पुढं गेलं की आदिलाबाद, म्हणजे तेलंगण. बाजारात मराठीबरोबर गोरमाटी, गोंडी आणि तेलुगू कानावर पडते. शेतात कापूस, सोयाबीन, तूर. दिवाळीच्या आसपास घरात चार पैसे खेळतात. या घरात आजार आला तो ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर. हातातला पैसा बियाण्या-खतात गेला होता.

दुखणं मोठं असलं की इथली माणसं दोन वाटांनी जातात. एक आदिलाबादच्या रिम्स या सरकारी रुग्णालयाकडे आणि तिथून हैदराबादला. दुसरी नांदेडला, विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात. मराठवाड्यात आणि त्याच्या शिवेवर कॅन्सरचे उपचार होतच नाहीत, असं अजिबात नाही. छत्रपती संभाजीनगरला २०१२पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. लातूरला विवेकानंद रुग्णालय आहे. बार्शीला १९८२पासून नर्गिस दत्त रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७मध्ये बार्शीतच सुरू झाली. तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी या ठिकाणांनी हजारो घरांची मुंबई वाचवली आहे. हाडाचा सार्कोमा मात्र दुर्मीळ. एखाद्या सर्जनला अख्ख्या वर्षात त्याचे दोन-तीन रुग्ण दिसतात. पाय वाचवणारी शस्त्रक्रिया जिथे रोजची आहे तिथेच करून घेतलेली बरी, म्हणून नांदेडच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून दुसरं काही न करता परळची चिठ्ठी लिहून दिली. माझ्या मते या पोरीचा पाय वाचायला तिथूनच सुरुवात झाली.

रात्रीचं दुखणं

त्या आधीचे चार महिने मात्र गेले ते गेलेच.

“रातीला पाय दाबत बसायची मी,” आई सांगते. “दाबलं की आनखीच कळ यायची तिला. मी म्हणायची, सोस माय थोडं, मोकळं होईल.” कॉलेजात पाय मुरगळला असेल असं सगळ्यांनी धरलं. लेप झाला, तेल-मालिश झालं, जवळच्या एका दवाखान्यात सुयांचा कोर्स झाला. वात आहे, असंही कुणी सांगितलं. तोवर गुडघ्याच्या वर सूज दिसू लागली होती आणि जिना उतरताना ती कठड्याला धरू लागली होती.

या आजाराचं दुखणं कामानं वाढतं, पण विश्रांतीनं थांबत नाही. रात्री झोपेतून उठवतं. मुरगळलेला पाय दोन-तीन आठवड्यांत सुधारतो, हा सुधारत नाही. वाढत्या वयाच्या मुलामुलीचं एकाच जागचं हाड तीन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, तर साधा एक्स-रे काढावा. तो तालुक्याला निघतो, काहीशे रुपयांत निघतो, आणि बहुतेक वेळा त्यातच हाडाचा बिघडलेला आकार दिसतो. मालिश तेवढी करू नये. गाठीवर जोर लावणं चांगलं नाही.

दुसरी गोष्ट बायोप्सीची. गाठीचा तुकडा सुईनं काढून तपासल्याशिवाय निदान पक्कं होत नाही, म्हणून घाईघाईनं कुठेही गाठ उघडली जाते. पण सुई जिथून जाते त्या वाटेत कॅन्सरच्या पेशी सांडू शकतात, आणि मोठ्या ऑपरेशनच्या वेळी ती अख्खी वाट कातडीसकट काढून टाकावी लागते. सुई भलत्या जागेवरून गेली किंवा आडवी चीर दिली, तर वाचू शकणारा पाय कापावा लागतो. म्हणून नियम असा, की शेवटचं ऑपरेशन जो सर्जन करणार त्याच्याच सांगण्यावरून बायोप्सी व्हावी. परळच्या बाकावर मला दुसऱ्या एका जिल्ह्यातला बाप भेटला. त्याच्या मुलाची गाठ गावाकडे ‘पू असेल’ म्हणून फोडली होती. पुढे काय झालं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कागदांची थैली

त्या बापाजवळ होती तशीच एक प्लास्टिकची थैली इस्लापूरच्या बापाजवळही आहे, अजून जपून ठेवलेली. रेशनकार्ड, आधार, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकाच्या दहा-दहा झेरॉक्स.

पैशाची गोष्ट इथे थोडक्यात सांगते. महाराष्ट्राची जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२मध्ये पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. पुढे तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाखाचं संरक्षण होतं. आता केंद्राच्या योजनेशी जोडून ते पाच लाखांवर गेलं आहे आणि सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याच्याकडे कागद दिले की उपचाराची मंजुरी मागवली जाते, आणि ती येईपर्यंत थांबावं लागतं. या घराचं अडलं ते एका अक्षरावर. रेशनकार्डावर मुलीचं नाव एक, आधारवर दुसरं. दुरुस्तीसाठी काकाला किनवटला हेलपाटे पडले, आणि मुंबईत आई-बाप फोनकडे बघत बसले. घरातल्या प्रत्येकाचं नाव दोन्ही कागदांवर सारखं आहे ना, हे कुणी आजारी नसताना पाहून ठेवावं. दिवाळीच्या सुट्टीत होण्यासारखं काम आहे.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी टाटातला वैद्यकीय समाजसेवा विभाग मदत करतो: कुठल्या ट्रस्टला अर्ज करायचा, मुख्यमंत्री सहायता निधीला कोणता कागद लागतो, सगळं सांगतो. “बाईनं समोर बसवून अर्ज लिहून घेतले,” बाप म्हणाला. “मला आधी वाटायचं भीक मागायलोय. मंग बघितलं, बाजूला चांगले नोकरीवाले बी बसल्याले.”

तीन आठवड्यांचं चक्र

टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि १९६२पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. देशभरातून माणसं येतात. आजूबाजूच्या फुटपाथवर प्लास्टिक ताणून राहणारी कुटुंबं मुंबईकरांच्या सवयीची झाली आहेत; ती सवय व्हायला नको होती. या कुटुंबाला सुरुवातीचे दिवस कल्याणच्या एका गाववाल्याकडे आणि नंतर दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत काढता आले. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, वांद्र्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचं निवासस्थान आहे. जागा मिळणं नंबरावर असतं.

ऑपरेशन लगेच होईल असं बापाला वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, आधी किमो. हे ऐकून पुष्कळ नातेवाइकांचा धीर सुटतो: गाठ समोर दिसते आहे आणि काढत नाहीत! कारण असं, की निदान होतं तेव्हाच बहुतेकांच्या रक्तातून काही पेशी फुप्फुसांकडे निघालेल्या असतात, सीटी स्कॅनमध्येही दिसणार नाहीत इतक्या बारीक. १९७०च्या आधी नुसता पाय कापून थांबत, तेव्हा शंभरातले दहा-वीसच जगत. किमोथेरपी आल्यावर, आजार एका जागी असताना उपचार पुरे झाले तर साठ-सत्तर जगू लागले. ऑपरेशनआधीच्या किमोनं गाठही कडेनं आखडते आणि पाय वाचवायला जागा होते.

तीन औषधं होती. एक लालभडक, ज्याला वॉर्डात सगळेच ‘लाल औषध’ म्हणतात. त्यानंतर लघवीही लालसर होते आणि नवखी आई घाबरते. दुसऱ्यानं मळमळ अशी की वरणाच्या फोडणीचा वास सहन होत नाही. तिसऱ्यासोबत मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून वेगळं औषध आणि भरपूर सलाइन. साधारण तीन आठवड्यांनी पुढचा डोस. मधल्या दिवसांत पांढऱ्या पेशी घसरतात, आणि तेव्हाचा ताप म्हणजे धावपळीचा ताप: घरी क्रोसिन देऊन वाट बघायची नसते, तासाभरात रुग्णालय गाठायचं असतं. इस्लापूरहून ते कसं गाठणार? म्हणून दोन डोसांच्या मध्ये गावी जाणं नाही. आई सहा-सात महिने मुंबईतच राहिली. थर्मामीटर, उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं, न कापलेली फळं सोलून. बाप पेरणीला गेला, खुरपणीला गेला, पैसे घेऊन परत आला. रक्ताची गरज लागली तेव्हा भिवंडीत कामाला असलेली गावची पोरं आली.

पाहुण्यांचा मात्र या घराला त्रास झाला. भेटायला येणारा प्रत्येकजण तिच्यासमोर रडायचा. शेवटी आईनं दारातच सांगायला सुरुवात केली: रडायचं असंल तर खाली जाऊन रडून या.

कुणाच्या पायाची गोष्ट

तिला आजाराचं नाव दीड महिना कुणी सांगितलं नव्हतं. गाठ आहे, औषधानं विरघळेल, एवढंच. पण ती बी.ए.ची पोरगी, हातात मोबाइल. रुग्णालयाच्या पाटीवर काय लिहिलंय हे तिला वाचता येत नव्हतं थोडंच. “मला ठाव होतं,” ती म्हणाली. “आन् मला ठाव हाय हे त्यांना कळू नाही म्हणून मी बी गप होते. सगळे माझ्या पायाबद्दल बोलायले आन् मी तिथंच बसल्याली.”

आई-बापांनी लपवलं ते मायेनं. पण त्या मायेत पोरगी एकटी पडली. भीती बोलायला तिला माणूस उरला नाही. लपवण्याच्या या रीतीबद्दल मला फार वाटतं, कारण आपल्याकडे ती जवळजवळ प्रत्येक घरात आहे, आणि मुलगी असेल तर जास्तच आहे. त्यात लग्नाचा धाक असतो.

त्या धाकापायी आणखी एक प्रश्न विचारायचा राहून जातो. या औषधांतल्या काहींचा अंडाशयावर परिणाम होऊ शकतो. तरुण वयात पाळी बहुतेकदा परत येते, पण खात्री देता येत नाही. स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवण्याची सोय आहे. तिला साधारण दोन आठवडे आणि बरेच पैसे लागतात, आणि ती पहिल्या डोसाच्या आधीच करावी लागते. सगळ्यांना ते जमणार नाही, आजारही थांबत नसतो. पण लग्न न झालेल्या पोरीसमोर हा विषय काढायचा कसा, या संकोचात विचारणंच होऊ नये, हे बरोबर नाही. आईनं हा प्रश्न नर्सबाईंना विचारला तेव्हा दुसरा डोस होऊन गेला होता.

ऑपरेशनच्या आधी सर्जननं तिघांना बसवलं आणि वाटा सांगितल्या. गाठीच्या वर दोन-तीन सेंटिमीटर निरोगी हाड धरून कापायचं, गुडघा काढायचा, धातूचा सांधा बसवायचा. आयात सांधा काही लाखांचा. भारतात बनवलेला त्याहून बराच स्वस्त, आणि टाटाच्या सर्जनांनी इथल्या कारखानदारांबरोबर असे सांधे करून घेतलेले आहेत. दुसरी वाट मांडीतून पाय काढण्याची. तिसरी ऐकून बाप उठून उभा राहिला: मधला रोगट भाग काढून खालचा पाय उलटा फिरवून वर जोडायचा, म्हणजे घोटा गुडघ्याचं काम करतो आणि कृत्रिम पाय उत्तम चालतो. दिसायला विचित्र, चालायला-धावायला दणकट. तिच्या बाबतीत सांधा शक्य होता. पण गुडघ्यामागची मोठी रक्तवाहिनी गाठीत अडकलेली निघाली तर टेबलावरच निर्णय बदलावा लागेल, पाय काढावा लागेल, असं संमतिपत्रात लिहिलेलं होतं.

“मी म्हणलं, साहेब, तेवढी ओळ खोडा आन् कागद इकडं द्या, मी करतो सही.” बाप हे सांगताना माझ्याकडे पाहत नव्हता. डॉक्टरांनी कागद त्याला दिला नाही. अठरा पूर्ण झालेल्या, शुद्धीत असलेल्या माणसाच्या शरीरावरची संमती त्याचीच. त्यांनी तिला विचारलं, वाचलंस का? ती म्हणाली, वाचायला द्या. वॉर्डात नेऊन तिनं तो मराठी कागद रात्रभर जवळ ठेवला. सकाळी आईला सांगितलं, “ओळ राहू दे. पाय गेलाच तर मी हो म्हणले होते, हे मला ठाव असाया पायजे.”

लेकराचा निर्णय लेकराचाच, हे दुसऱ्या एका आईलाही पेलावं लागलं होतं. कॅनडाचा टेरी फॉक्स अठरा वर्षांचा असताना, १९७७मध्ये, याच आजारानं त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला होता. १९८०मध्ये कृत्रिम पायावर तो देशाच्या एका टोकाहून निघाला आणि कॅन्सर संशोधनाच्या निधीसाठी १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला; फुप्फुसांत आजार परतल्यावर थांबला, आणि १९८१मध्ये गेला. धावण्याचा बेत ऐकवला तेव्हा त्याच्या आईला, बेटी फॉक्सला, तो मुळीच पटला नव्हता. तिनं विरोध बोलून दाखवला, आणि तरी त्याला जाऊ दिलं. पुढची तीस वर्षं, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, ती त्याचंच काम करत राहिली. त्याच्या नावाची दौड मुंबईतही झालेली आहे. बेटीबद्दल इस्लापूरच्या आईला सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं: “त्या बाईला दुसरी लेकरं होती का?” होती.

सहा तास

ऑपरेशनला सहा तास लागले. पाय राहिला.

नातेवाइकांना वाटतं की काम संपलं, आणि खरं काम त्या दिवसापासून सुरू होतं. पायातून नळी, पाठीतून दुखण्याचं औषध, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच फिजिओथेरपिस्ट येऊन म्हणतो, मांडी आवळ, पाय उचल. धातूचा गुडघा आपसूक वळत नाही. उरलेले स्नायू त्याला वळवतात, आणि ते रडत-रडतच शिकतात. इथे सोबतीच्या माणसानं काय करायचं? आईला वाटायचं पाय धरावा, उचलून द्यावा. फिजिओथेरपिस्टनं तिला हात मागे बांधून उभं राहायला सांगितलं. आई तशी उभी राहायची. बाप बाहेर जायचा.

काढलेलं हाड प्रयोगशाळेत जातं आणि आधीच्या किमोनं किती पेशी मेल्या ते मोजतात. नव्वद टक्क्यांहून जास्त मेल्या असतील तर चांगली खूण. हा अहवाल यायला वेळ लागतो, आणि जखम भरली की किमोचे उरलेले डोस पुन्हा सुरू होतात. केस दुसऱ्यांदा गेले तेव्हा ती जास्त रडली, असं आई म्हणते.

बैठं घर

आपलं घर जमिनीवर बसायचं. जेवायला मांडी, चुलीपुढे उकिडवं, संडासला उकिडवं, पूजेला पाट. धातूच्या गुडघ्याला यातलं काहीच चालत नाही. घरी येण्याआधी बापानं जी कामं केली ती मी पाहिली: संडासावर बसवलेली लोखंडी खुर्ची, भिंतीत पक्का दांडा, उंबऱ्याला सिमेंटचा उतार, ओट्यावर गॅस. अंगणातली शेवाळलेली फरशी त्यानं उखडून टाकली. पडणं परवडणारं नाही. त्याहून मोठी भीती जंतूंची. अंगावर कुठे गळू झालं, दाढ पिकली, तरी रक्तातून जंतू सांध्यापर्यंत जाऊ शकतात, म्हणून तिला साधा दातांचा डॉक्टरसुद्धा आधी विचारून गाठावा लागतो. सांधा जन्मभराचा नाही; काही वर्षांनी सैल होतो, बदलावा लागतो. हे तिला विशीतच माहीत आहे.

परळला फिजिओथेरपी रोज होती. इस्लापूरला ती नाही. नांदेडला आहे, पण शंभर किलोमीटर जाऊन अर्धा तास व्यायाम आणि पुन्हा शंभर किलोमीटर, हे आठवड्यातून तीनदा कोण करील? तिनं मोबाइलवर व्यायामाची चित्रफीत करून आणली होती, तीच पाहून केलं. गुडघा नव्वद अंशांपर्यंत वळतो. तालुक्याच्या गावात आठवड्यातून दोन दिवस एक फिजिओथेरपिस्ट बसला, तर अपघाताच्या, लकव्याच्या कितीतरी माणसांचंही भलं होईल. ही मागणी मला नव्या इमारतींच्या मागणीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

गावातल्या बायका अजून विचारतात, आता हिचं कसं व्हायचं. आई उत्तर देत नाही. मुलगी देते, बी.एड.ला प्रवेश घ्यायचाय म्हणून. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे किमान चाळीस टक्के अपंगत्व भरलं की सवलती लागू होतात. त्याचा दाखला ती जिल्ह्याला जाऊन स्वतः काढून आली. कॉलेजात तिचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. बाप प्राचार्यांना भेटायला निघाला तर तिनं त्याला थांबवलं आणि अर्ज लिहिला. वर्ग खाली आला.

पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी छातीचा आणि पायाचा एक्स-रे, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षाला एकदा. आजार परतला तर बहुधा फुप्फुसांत परततो. लवकर सापडला तर तिथलीही गाठ काढता येते, आणि त्यानंतर बरी झालेली माणसं आहेत. हे बोलणं निघालं की बाप अजूनही उठून गोठ्याकडे जातो. ती आईशी बोलते.

पुढची तपासणी डिसेंबरात आहे. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला शयनयान वर्गात पूर्ण आणि सोबत्याला पाऊण सवलत मिळते. त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून आणलेला आहे. या वेळी दोघी मायलेकीच जातील. बापाला कापूस वेचून घ्यायचा आहे, मजूर मिळत नाहीत.